वजनकाट्यावर एवढा विश्वास नको

उमरोळीच्या आमच्या वस्तीतल्या विहारात मागच्या वर्षी वर्षावासात वजनकाटा आला. महिला मंडळाने घरटी पन्नास रुपये काढले होते. रविवारी वंदना झाली की काट्यासमोर रांग लागायची, वहीत आकडा लिहिला जायचा आणि ज्याचे वजन उतरले त्याच्यासाठी टाळ्या वाजायच्या. टाळ्यांची कल्पना आमचीच. त्याने माणसाला हुरूप येतो, असा आमचा समज.

सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या त्या तारापूर एमआयडीसीत कंत्राटी हमाली करणाऱ्या एका दादांना. दोन महिन्यांत नऊ किलो उतरले. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने दोन नवी भोके पाडून घेतली होती आणि ती सगळ्यांना दाखवत होते. "सिस्टर, काही न करता उतरलं बघा," ते म्हणाले आणि आम्ही हसलो. मागून त्यांच्या बायकोने सांगितले की रात्री घाम येतो, बनियन भिजते. आम्ही म्हणालो, पावसाळी उकाडा आहे. खोकला होता, पण तो कंपनीतल्या वासामुळे, असे सगळ्यांनीच धरले होते. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन पंधरा वर्षे वॉर्डात काढलेल्या आम्हाला 'काही न करता' हे तीन शब्द ऐकू आले नाहीत, कारण आमचे डोळे आकड्यावर होते. पुढच्या महिन्यात ते विहाराच्या पायरीवरच दम लागून बसले, तेव्हा थुंकी तपासली. टीबी निघाला. रक्त तपासले तर साखरही भरपूर वाढलेली.

ज्याला आम्ही टाळ्या दिल्या तो आजार होता. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहायला हवे, कारण हीच चूक बऱ्याच घरांत होते. आपल्या वस्तीत कोणी बारीक झाले की "तब्येत छान केलीस" म्हणायची नवी पद्धत पडली आहे. आमच्या आजीच्या काळी कोणी बारीक दिसले की आधी विचारायचे, बरे नाही का? तो प्रश्न जास्त शहाणा होता. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि न ठरवता उतरलेले वजन, यातले काहीही असेल तर आधी थुंकीची तपासणी. सारखी तहान लागते, लघवीला रात्री तीन-चारदा उठावे लागते आणि वजन घटते आहे, तर आधी साखर. साखरेच्या रुग्णाला टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो, म्हणून एक सापडले की दुसरेही तपासायचे.

दुसरे नुकसान बायकांचे झाले, आणि ते गुपचूप झाले. काटा आणल्यावर पहिल्या रविवारी चाळीसेक जणी होत्या. दोन महिन्यांनी तेरा उरल्या. ज्यांचा आकडा हलला नाही त्या येईनाशा झाल्या. वही उघडी, आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, आणि जमलेल्यांत नणंद, जाऊ, शेजारीण. कोण थांबेल? एकीने तर सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते, वजन जास्त भरेल म्हणून. एका रविवारी कोणीतरी काट्याखाली सतरंजी सरकवली आणि त्या दिवशी आकडे वाटेल तसे आले. त्यावर हसू झाले, पण सतरंजी काढल्यावर दोघी खऱ्याच रडवेल्या झाल्या.

काटा नेमके काय मोजतो? तो तुमच्यातले सगळे मोजतो. हाडे, मांस, चरबी, रक्त, पोटातले जेवण, साचलेले पाणी. त्यातले काय वाढले आणि काय घटले हे त्याला सांगता येत नाही. आदल्या रात्री सुकट किंवा सुक्या बोंबलाचे कालवण झाले, त्यातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते, सकाळी वजन जास्त भरते. पाळीच्या आधी अंग सुजते, तेव्हाही तेच. एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक निरोगी माणसातही पडतो, त्याचा चरबीशी काहीएक संबंध नाही.

हे ज्यांना नीट कळते असे एक लोक आहेत, ते म्हणजे पावडर विकणारे. आमच्या भागात घराघरात असे क्लब उघडले आहेत. सकाळी बोलावतात, काट्यावर उभे करतात, एक ग्लास शेक देतात, पाचव्या दिवशी पुन्हा काट्यावर उभे करतात आणि दोन किलो घटल्याचे दाखवतात. घटतात हे खरे आहे. भात-भाकरी एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते. साठवलेल्या साखरेच्या तिप्पट ते पाणी असते. चरबी जवळजवळ आहे तिथेच. पुन्हा दोन दिवस जेवलात की पाणी परत येते, आणि तुम्हाला वाटते पावडर थांबवली म्हणून वजन वाढले. मग पुढच्या महिन्याचा डबा. कंत्राटी कामगाराच्या पगारातून महिन्याला काही हजार रुपये जातात, त्याच घरात मुलाच्या क्लासची फी थकलेली असते. आमचे स्पष्ट मत आहे की त्या धंद्यातले मुख्य यंत्र मिक्सर नाही, वजनकाटा आहे.

आता पुण्याची एक गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर अनेक वर्षे काम करत आहेत. त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन आणि ते, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. काट्याने आणि उंचीच्या पट्टीने पाहिले तर दोघे एकसारखेच सडपातळ. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. याज्ञिकांनी अशा भारतीय शरीराला 'बारीक-लठ्ठ' म्हटले. हातपाय काडीसारखे, पण चरबी आत, पोटात, यकृताभोवती. त्याआधी १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडच्या बाळांपेक्षा लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. आईच्या पोटात अन्न कमी पडले तर बाळाचे शरीर काटकसर शिकते, आणि पुढे अन्न मिळू लागले की तीच काटकसर अंगावर उलटते, असा त्या कामाचा रोख आहे.

हे संशोधन कोणत्या जातीवर केलेले नाही. पण ते वाचताना आम्हाला आमच्या आज्या आठवल्या. बाळंतपणातही कण्या आणि दुसऱ्याच्या दारची शिळी भाकरी खाल्लेल्या. त्यांच्या पोटची मुले आज कंपनीत बारा तास उभी आहेत, रात्रपाळी करतात, सुटताना वडापाव आणि तीन साखरेचे चहा घेतात, आणि काटा त्यांना सांगतो, वजन ५८, तुम्ही ठीक आहात. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. वजन-उंचीच्या हिशेबाने लठ्ठ ठरलेले प्रौढ शंभरात सुमारे २९, पण कंबरेचे माप घेतल्यावर पोट सुटलेले निघाले जवळजवळ ४०. म्हणजे काट्याने ठीक म्हणून घरी पाठवलेली कितीतरी माणसे ठीक नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगानेही हेच म्हटले की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, कंबर मोजा.

कंबर मोजायला काय लागते? सुतळी. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, पायाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत. ती मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी कंबरेभोवती फिरवा. टोके एकमेकांना भिडली तर बरे. भिडली नाहीत तर मध्ये जेवढी फट राहिली तेवढे काम बाकी आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढाच त्याचा हिशेब. टेप असेल तर आणखी बरे. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही धोक्याची रेघ मानतात. माप परकराच्या नाडीवर घ्यायचे नाही, ती खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड हाताने चाचपा, त्या दोन्हींच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पोट आत ओढून माप देणारे पुरुष आम्ही खूप पाहिले. त्यांना आम्ही दोन मिनिटे बोलत ठेवतो, मग टेप लावतो.

आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा त्यांच्याकडेही टेप असतो. त्या फॉर्ममध्ये कंबरेला गुण आहेत. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० असेल तर एक, त्यावर दोन. वजनाला त्यात गुणच नाहीत. तरी आपल्या बायका आशाताईला दारातून म्हणतात, "राहू दे गं, चाळीस लिही." तसे करू नका. एकूण गुण चारच्या वर गेले की तुम्हाला बीपी-साखरेच्या तपासणीला आधी बोलावतात, आणि ती तपासणी सरकारी आरोग्य मंदिरात फुकट आहे.

आमचे मत कसे पक्के झाले ते एका ताईमुळे. बोईसरला कपड्याच्या कंपनीत पॅकिंगला आहेत, सकाळच्या लोकलने जातात. तीन महिने त्यांनी भात निम्मा केला, चहातली साखर सोडली, कंपनीच्या बसऐवजी स्टेशनवरून पायी जाऊ लागल्या, आणि घरी भरलेली कळशी घेऊन उठबशा काढू लागल्या. वजन ७१ होते ते साडेएकोणसत्तर झाले. "सिस्टर, माझं काय खरं नाय. तीन महिने भात निम्मा केला, काटा हलतच नाय." त्या सोडून द्यायच्या बेतात होत्या. आम्ही त्यांना पडद्यामागे नेले आणि टेप लावला. कंबर दोन इंच उतरलेली. बीपी १५० वर ९६ होते ते १३४ वर ८४. तीन महिन्यांची साखर, जिला एचबीएवनसी म्हणतात, ८.१ वरून ७.२. गोळ्या बदलल्या नव्हत्या, मात्र पूर्वी आठवड्यातून दोन दिवस विसरायच्या त्या आता रोज घेत होत्या, हेही सांगायला हवे, सगळे श्रेय चालण्याला नाही. चरबी गेली होती, मांड्यांत आणि पाठीत थोडे मांस भरले होते, म्हणून काट्याला फरक दिसला नाही. त्यांना मात्र दिसत होता, पण कोणी विचारले नव्हते म्हणून त्यांनी तो धरला नव्हता. बोईसर स्टेशनचा पूल आता न थांबता चढतात. ब्लाऊजची माया मागच्या वर्षी उसवली होती, ती पुन्हा आत घेतली. आणि एक गोष्ट त्यांनी हळूच सांगितली. पंचांग प्रणाम केल्यावर उठताना शेजारणीचा खांदा धरावा लागायचा, आता लागत नाही.

ही शेवटची खूण आम्हाला सगळ्यांत आवडली. जमिनीवरून हात न टेकता उठणे ही पायांतल्या ताकदीची चांगली परीक्षा आहे. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्या बाईचा आकडा सुंदर दिसतो, पण तिच्या पायांतले मांस गेलेले असते आणि तिला उठता येत नाही. चाळिशीनंतर गेलेले मांस परत मिळवणे अवघड असते. म्हणून डाळ, अंडी, मासे, हरभरे कमी करायचे नाहीत, कमी करायचा तो भात, तेल, साखर आणि मीठ.

भाताचे काय, हा प्रश्न दर वेळी येतो. माणशी पाच किलो रेशन येते, त्यातला तांदूळ टाकून कसा द्यायचा? टाकू नका, मोजा. ही युक्ती आमची नव्हे. संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खायचा. एकदा जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला अन्नाची मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने जवळच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि दर जेवणाला म्हणायला सांगितले, त्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीवर आला. नाळी म्हणजे तांदळाचे लहान माप. कथेत राजाला तराजूत कोणी बसवले नाही. त्याने मोजले ते ताटातले, आणि शेवटी आपल्या हाताने स्वतःचे अंग चाचपून पाहिले तेव्हा त्याला कळले. शिवाय हे सगळे हळूहळू झाले, पाच दिवसांत नाही, आणि आठवण करून द्यायला एक माणूस शेजारी होता. घरातली एक वाटी ठरवा, तीच आपली नाळी, आणि सुदस्सनाचे काम मुलांना द्या. मुले ते फार आनंदाने करतात, थोडी जास्तच.

बाबासाहेबांना मधुमेह होता, सांधेदुखी होती. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्यांच्या औषधपाण्याकडे आणि पथ्याकडे लक्ष देत. कामाच्या धबडग्यात देह झिजला, ६५ व्या वर्षी ते गेले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना आपण गाडीत काय काय खातो, त्याकडे एकदा पाहावे, एवढेच आम्ही म्हणू.

काटा फेकून द्या असे आमचे म्हणणे नाही. लहान मुलांसाठी तो हवाच, अंगणवाडीताईने दर महिन्याला वजन केले नाही तर तिच्याशी भांडा. गरोदर बाईसाठी हवा. टीबीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या माणसाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पाय सुजले तर ते पाणी आहे, रविवारची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. बाकीच्यांनी महिन्यातून दोनदा, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत उभे राहावे आणि आकडा वहीत लिहून विसरून जावे. वजन जास्त असेल तर एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी साखर-बीपीला उतार पडतो. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. पन्नासवर येण्याची गरज नाही, नटीसारखे दिसण्याची तर नाहीच.

आणखी एक, वर्षावासात आणि पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्यांसाठी. दुपारनंतर जेवायचे नाही आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, हे दोन्ही एकत्र आले की रात्री साखर एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस बेशुद्ध पडतो. शील घेण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळीचे ठरवा. वजन पटकन उतरेल म्हणून तर अष्टशील अजिबात घेऊ नका, ते त्यासाठी नाही.

विहारात आता काटा दाराआड ठेवला आहे. वही बंद असते, प्रत्येकीचे पान वेगळे, आणि त्यावर कंबर, बीपी, साखर, किती चालल्या, झोप कशी लागली, पूल चढताना दम लागला का, हे सगळे लिहितो. वजन शेवटच्या रकान्यात. टेप आणि सुतळीचा गुंडा खिडकीत आहे, पडदा लावला आहे. रविवारी वंदनेनंतर सकाळी ११ पर्यंत आम्ही असतो. पुरुषांनीही यावे, आजवर नऊच आले आहेत.

त्या दादांचा टीबीचा सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण झाला. साखर ताब्यात आहे. गेल्या रविवारी काट्यावर उभे राहिले, पाच किलो वाढले होते. पट्ट्याच्या खिळ्याने पाडलेल्या भोकांतले एक आता रिकामे आहे, ते त्यांनी स्वतः दाखवले. या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही, यावर आमच्यात थोडी कुजबुज झाली. मग त्यांच्या बायकोनेच वाजवली.